कोकणातलं जुनं घर सुट्टीतल्या पाहुण्यांना द्यायचंय, ६० हजारात आतून काय काय होईल?

पडवीवाली (३ नोव्हेंबर, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, चूकभूल द्यावी घ्यावी.

तर सासऱ्यांचं घर गुहागर तालुक्यात आहे, समुद्रापासून चालत दहा मिनिटं, जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मधे माजघर, मागे विहीर नि थोडी सुपारी. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं, बाकी वर्षभर कुलूप, आणि बंद घर म्हणजे वाळवीला आमंत्रण. म्हणून ठरवलंय की पडवीला लागून असलेल्या दोन खोल्या सुट्टीत येणाऱ्या लोकांना दोनतीन रात्रींसाठी द्यायच्या, माजघर आपल्यासाठी बंद ठेवायचं. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणीसाठी अर्ज केलाय, ते सगळं नवरा बघतोय त्यामुळे त्यावर चर्चा नको प्लीज. शेजारच्या आत्या साफसफाई आणि सकाळचा नाष्टा बघायला तयार आहेत.

छप्पर, पाणी, संडास-बाथरूमचं बांधकाम झालंय. आता उरलेत ६०,०००, त्यावर एक रुपया नाही, ही सासूबाईंची अट. एवढ्यात दोन खोल्या, पडवी आणि बाथरूम सजवायचंय. माझ्या डोक्यात असं आहे की एका खोलीत एक भिंत गडद हिरव्या ऑइल पेंटची, दुसरीत वॉल स्टिकर, पलंगाच्या मागे मॅक्रमे (दोऱ्यांच्या गाठी मारून केलेली झालर), फेअरी लाइट्स, खोट्या वेली, पडवीत बैलगाडीचं चाक आणि दोन कंदील, बाहेरच्या भिंतीवर वारली. नाताळच्या सुट्टीआधी फोटो काढून बुकिंगच्या ॲपवर टाकायचंय. स्वस्तात कुठे काय मिळेल, आणि यातलं काय नको, दोन्ही सांगा. मारू नका फक्त.

सुपारी_कातर (३ नोव्हेंबर, रात्री १०:४०)

मारत नाही पण ऑइल पेंटचा डबा आणला असशील तर परत देऊन ये.

जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसात जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि उन्हाळ्यात हळूहळू बाहेर पडतं. त्यावर ऑइल पेंट चोपडला की पाण्याला बाहेर यायला वाट नाही, मग ते रंगाला आतून ढकलतं आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्रे. आमच्या आळीत निम्म्या घरांच्या भिंती खालच्या तीन फुटात अशाच सोललेल्या आहेत. चुना लाव. कळीचा चुना दोन दिवस भिजव, गाळून घे, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ, दोन-तीन हात. खालच्या दीड फुटाला काव (तांबड्या मातीचा रंग), म्हणजे फरशी पुसताना उडालेलं लाल पाणी दिसत नाही, जुन्या लोकांनी ते उगाच केलेलं नाही. चुना भिजवताना पाणी उकळतं हां, पातळ प्लास्टिकच्या बादलीत नको आणि पोरांना लांब ठेव, डोळ्यात गेला तर वाट लागते.

चुन्याचा एक वैताग, अंगाला लागतो. पलंगाच्या डोक्याशी आणि बाकाच्या पाठीशी चटई किंवा कापड ठोकून घे, नाहीतर पाहुण्यांचे काळे टीशर्ट पांढरे होतील आणि ते तुला रिव्ह्यूमधे दिसेल.

ठाणे_स्लो (३ नोव्हेंबर, रात्री ११:२५)

मी पाहुण्याच्या बाजूने बोलतो. दरवर्षी दोनदा तरी आम्ही चार कुटुंबं कोकणात कुठेतरी जातो आणि अशी घरं भरपूर बघून झालीत, आणि खरं सांगू का ताई, भिंतीवर काय होतं हे मला एकाही घराचं आठवत नाही. आठवतं काय तर समुद्रातून ओलेचिंब आल्यावर टॉवेल टाकायला खुंटी नव्हती, पोरांच्या ओल्या चड्ड्या आम्ही पंख्याच्या रेग्युलेटरवर, दाराच्या कडीवर, देवाच्या कोनाड्यात वाळवल्यात (हो कोनाड्यात, माफ करा), पायाची वाळू धुवायला बाहेर नळ नव्हता म्हणून ती सगळी वाळू गादीत गेली, आणि रात्री फोन चार्जिंगला लावायला प्लग दाराजवळ, पलंग खिडकीजवळ. आणि बाथरूममधे कपडे ठेवायला काहीच नाही, कोरडे कपडे कमोडच्या झाकणावर ठेवून आंघोळ करायची, ती पडतातच.

म्हणून खुंट्या ठोका. एका खोलीत पाचसहा, बाथरूममधे चार, पडवीत डझनभर आणि मागे वाळत घालायला दोऱ्या. लाकडी खुंट्या सुताराकडून करून घ्या, जुन्या घराला त्याच शोभतात. चिकटवायचे प्लास्टिकचे हुक चुन्यावर एक दिवस टिकत नाहीत. आणि अंगणात पाय धुवायला नळ, जमलंच तर खाली चार जांभ्याचे चिरे.

टिकली (३ नोव्हेंबर, रात्री ११:३१)

खुंट्यांना +१००. आणि आरसा!! पूर्ण उंचीचा नको, पण खांद्यापर्यंत दिसेल असा, आणि उजेड आरशावर नाही तर तोंडावर पडेल अशा जागी. बायकांना विचारून लावा, आमच्याकडे पुरुषांनी लावलेले सगळे आरसे सहा फुटांवर असतात.

लाल_माती (४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५)

आमच्या तीन खोल्या आहेत दिवेआगरला, निसर्ग वादळाच्या आधीपासून. त्या ३ जून २०२० ला आमची कौलं, अर्धी बाग सगळं गेलं, आमच्याकडे बऱ्याच जणांनी नंतर पत्रे घातले, तुमची कौलं टिकलीयेत ती जपा, तीच तुमची निम्मी सजावट आहे.

बजेटचं सांगायचं तर सगळ्यात आधी गादी. सगळ्यात आधी म्हणजे सगळ्यात आधी. कापसाची गादी झोपायला छान पण आपल्याकडच्या दमटपणात ती ओल धरते, पावसाळ्यानंतर वास येतो आणि पिंजारी आता गावात मिळत नाही. फोमची घ्या, पाच-सहा इंची, चेनवाली खोळ असलेली, त्यावर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर. प्रोटेक्टर विसरू नका, लहान मुलं येतात, शहाळी सांडतात, बियर सांडते. पावसाळ्यात पाहुणे नसतील तेव्हा गाद्या भिंतीपासून लांब, उभ्या करून ठेवायच्या.

चादरी प्रत्येक पलंगाला तीन संच, एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. दोनात भागत नाही, जुलैमधे तर नाहीच. उशांचे अभ्रे तर चार-चार घ्या. रंग पांढरा की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, मी पांढऱ्याच्या बाजूने. फोटोत स्वच्छ दिसतं आणि पाहुण्यालाही खात्री वाटते. तांबड्या मातीचे डाग पडतात ते खरं, पण त्यावर ब्लीच ओतायचं नाही, मातीतलं लोखंड ब्लीचने आणखी पक्कं पिवळं होतं. लिंबू चोळा नाहीतर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवा आणि मग साबण. मेंदी आणि केसांच्या कलपाचे डाग मात्र जात नाहीत, त्यासाठी टॉवेल गडद रंगाचे ठेवायचे. पायथ्याशी एक सोलापुरी चादर घडी घालून ठेवली की पलंग भरल्यासारखा दिसतो, आणि डिसेंबरात पहाटे ती लागतेच.

फेअरी लाइट्सबद्दल, खाऱ्या हवेत त्यांची कनेक्शनं गंजतात, दुसऱ्या सीझनला अर्ध्या पेटतात अर्ध्या नाही. खोट्या वेलींवर धूळ बसते आणि त्यात कोळी. तुमच्याकडे खरी सुपारी, खरा अळू, खरी कर्दळ असताना खोटी वेल टांगणार?

अर्धवट_पुणेकर (४ नोव्हेंबर, सकाळी ९:५०)

ताई पुण्यातल्या असाल तर खरेदीचा नकाशा देतो. लाकडी बाक, जुने आरसे, पितळी कड्या-कोयंडे यांच्यासाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर जा आणि सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. बल्ब, होल्डर, वायरी तपकीर गल्लीत. बिजागऱ्या, स्क्रू बोहरी आळीत, पण समुद्राजवळ आहे म्हणून लोखंडी काही घेऊ नका, स्टेनलेस स्टील ३०४ मागा नाहीतर पितळ, चमकदार पॉलिशवालं लोखंड वर्षात गंजून भिंतीवर तपकिरी ओघळ काढतं. टोपल्या, सुपं, रोवळ्या बुरूड आळीत.

रोवळी उलटी करून मधे होल्डर घातला की दिव्याची शेड झाली, शोरूममधे तसल्या शेडला हजारांत मोजतात. एलईडीच घाला, साधा जुना पिवळा बल्ब नको, तो तापतो.

पडद्यांना मांजरपाट. मुंबईत कोणी असेल तर मंगळदास मार्केट, पण आपल्या पेठांतही मिळतं. शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, आटतं ते चांगलंच, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा खिडकीच्या अर्ध्यावर.

सुपारी_कातर (४ नोव्हेंबर, सकाळी १०:१५)

रोवळी कल्पना भारी. पण बांबूला प्रक्रिया केलेली नसेल तर भुंगा लागतो, खाली रोज पिठासारखा भुसा पडतो, तोही बरोबर पलंगावर. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवून घ्या. टोपलीला हे घरी जमतं, मोठ्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात आमच्याकडे, होड्यांनाही लावतात. लाकूड काळपट होतं आणि काही दिवस वास येतो, हातावर पडलं तर कातडी सोलते, म्हणून मोजे घालून. फोटोच्या आदल्या आठवड्यात करू नका.

कुडाळचो_झील (४ नोव्हेंबर, दुपारी १:२०)

गो बाय, वारली हंय कित्याक? आमच्या हंय पिंगुळीची चित्रकथी आसा, सावंतवाडीची गंजिफा आसा, ती लाव मगे.

सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. हल्ली मुंबईपासून गोव्यापर्यंत कुठल्याही रिसॉर्टच्या भिंतीवर तेच ढोल-ताशावाले पांढरे त्रिकोणी लोक, आणि तेही स्टिकर. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) अजून जिवंत आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली याच कामासाठी. कागदावर काढलेली छोटी चित्रं मिळतात तिथे. सावंतवाडीची लाकडी फळं, पाट, गोल गंजिफाचे पत्ते, एखादा तुकडा खोलीत ठेवला तरी पाहुणा विचारतो हे काय आहे म्हणून.

ठाणे_स्लो (४ नोव्हेंबर, दुपारी १:४५)

झीला, गुहागर रत्नागिरीत आहे, पिंगुळी तिथून काय पाच मिनिटांवर नाही. 😀 मग गंजिफा तरी गुहागरची कशी?

कुडाळचो_झील (४ नोव्हेंबर, दुपारी १:५२)

वारलींच्या डहाणूपेक्षा जवळ आसा मां!

सूर्या_काठ (४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०)

डहाणूचंच नाव निघालं म्हणून लिहिते, मी तिकडचीच. वारली कोणी लावू नये असं आम्ही म्हणत नाही, उलट चित्रांवर इकडची कितीतरी घरं चालतात. जिव्या सोमा मशे यांना २०११ मधे पद्मश्री मिळाली तेव्हापासून तर बाहेर मागणी आणखी वाढली. पण मग चित्र विकत घ्या ना. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेलं, कोणी काढलं त्याचं नाव खाली असलेलं, कागदावर किंवा कापडावर. स्टिकर घेतला तर पैसे प्रिंटिंगवाल्याला. आणि लग्नाचा चौक हे लग्नघरातलं चित्र आहे, सवाशिणी काढतात, तो बाथरूमच्या दारावर बघितलाय मी एका ठिकाणी. तेवढं करू नका.

लाल_माती (४ नोव्हेंबर, दुपारी ४:०५)

गुहागरचं गुहागरलाच आहे की. शिमग्यात तुमच्याकडे पालखी नाचते, संकासूर येतो काळा झगा, पांढरी दाढी, उंच टोपी घालून. गावातल्या कुठल्याही पोराच्या मोबाईलमधे चांगले फोटो असतील, विचारून घ्या, मोठे प्रिंट काढा. पाहुणे मुलांना सांगतात हा कोण, मग आत्याच गोष्ट सांगतील.

फ्रेम करताना फोटो थेट काचेला टेकवू नका, दमटपणात चिकटतो आणि मग निघत नाही, मधे जाड कागदाची किनार ठेवायला सांगा फ्रेमवाल्याला.

पडवीवाली (४ नोव्हेंबर, रात्री ९:१५)

बापरे, दिवसभरात एवढं! ऑइल पेंट रद्द, वेली रद्द, स्टिकर रद्द. बैलगाडीच्या चाकावर कोणीच काही बोललं नाही म्हणजे चालेल असं समजू का?

आणि एक नाजूक प्रश्न. दोन्हींपैकी मोठ्या खोलीत सासऱ्यांच्या आईवडिलांचे आणि एका काकांचे हार घातलेले फोटो आहेत, मोठे, काळ्या चौकटीतले. सासूबाई म्हणतात घर त्यांचं आहे, ते तिथेच राहतील. मला वाटतं पाहुण्यांना रात्री कसं वाटेल. काय करावं?

टिकली (४ नोव्हेंबर, रात्री ९:२२)

हलवा!! आम्ही एकदा अशा खोलीत झोपलोय, माझी मुलगी रात्रभर डोक्यावर पांघरूण घेऊन, "ते आजोबा बघतायत."

खवट_नारळ (४ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

दोन रात्रींच्या गिऱ्हाइकांसाठी पणजोबांना उचलायचं? उद्या देवही उचला, गिऱ्हाइकाला मासे खाताना संकोच वाटतो म्हणून.

टिकली (४ नोव्हेंबर, रात्री ९:४४)

अहो काका उचलून टाका कोण म्हणालं, हलवा म्हटलं.

न्यूजर्सीची_काकू (४ नोव्हेंबर, रात्री १०:३०)

वाद नको. माजघर बंदच राहणार आहे ना, देवघरही तिथेच असेल, मग फोटोही तिथे घरच्या माणसांत राहतील, आणि सासूबाईंना सांगायचं की परक्या माणसाच्या उशाशी त्यांना ठेवणं आपल्यालाच बरं वाटत नाही. हे खरंही आहे. हलवायच्या दिवशी त्यांच्याच हाताने ताजा हार घालून घे.

मी दर दोन वर्षांनी येते तेव्हा अशाच घरात उतरते, माझी एक सूचना. घरात ट्रंकेत जुनी लुगडी असतील बघ. नऊवारी लुगड्यात दाराचे दोन पडदे आरामात होतात, काठ खाली येईल असे शिवायचे. पडदा वाऱ्यावर हलतो तेव्हा काठाचा रंग काय दिसतो गं. फक्त आधी उजेडासमोर धरून बघ, विरलं असेल तर मागे मांजरपाटाचं अस्तर. आणि पितळी समया, घंगाळी मांडून ठेवू नकोस, खाऱ्या हवेत आठवड्यात हिरवी पडतात, आत्याबाई चिंच घेऊन घासत बसतील.

तारेवरची_कसरत (५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०)

सजावट वगैरे ठीक, वायरिंग किती जुनं आहे? लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी असतील तर आधी त्या बदला. मेन बोर्डवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या. पाहुणे ओल्या अंगाने, अनवाणी गिझरचं बटण दाबतात. साठ हजारात हा खर्च पहिला, मग गादी. लाल_मातीताई माफ करा.

दिवे. आत सगळीकडे २७०० ते ३००० केल्विनचे, पाकिटावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं. लोक सवयीने ६५०० चे पांढरे आणतात आणि मग खोली दवाखान्याच्या वॉर्डासारखी दिसते, चुन्याच्या भिंतीवर तर जास्तच. खोलीत मधोमध एक मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन लहान, एक पलंगाशी वाचायला (बटण झोपून हाताला येईल असं) आणि एक कोपऱ्यात भिंतीवर उजेड टाकणारा. पिवळ्या उजेडावर किडेही कमी येतात, पडवीत जेवायला बसणार असाल तर तो फरक लगेच कळतो. पडवीचा दिवा जेवणाच्या बरोबर डोक्यावर नको, थोडा लांब, म्हणजे जे किडे येतील ते तिकडे.

आणि चाकाचं मी बोलतो. चाक तिथे काय करणार? पोरं चढणार, ते पडणार. तुमच्या गुहागरच्या अंगणात बैलगाडी होती का कधी?

अर्धवट_पुणेकर (५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०)

चाक हल्ली हायवेवरच्या प्रत्येक ढाब्यावर आहे, हा आक्षेप मला जास्त पटतो.

म्हापसा_मार्केट (५ नोव्हेंबर, सकाळी ११:००)

मी गोव्यात, एक फ्लॅट देतो (आमच्याकडे पर्यटन खात्यात नोंदणी सक्तीची, १९८२ च्या कायद्यापासून). फ्लॅटला आणि तुमच्या घराला एकच गोष्ट सारखी, फोटो. तुमची साठ हजारांची मेहनत लोक आधी अंगठ्याएवढ्या फोटोत बघणार. मोबाईल आडवा, कमरेच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून, सकाळी ९-१० च्या उजेडात, खिडक्या उघड्या. पंखा बंद, नाहीतर पाती पुसट येतात. संध्याकाळी दिवे लावून फक्त पडवीचा एक. बाथरूमचा फोटो टाकाच, लोक तो शोधतात, आणि नसेल तर पुढे जातात. फिल्टर मारून भिंत गुलाबी करू नका, पाहुणा आल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

आणि कौलारू आहे तर पाल, किडे यांचं काय केलंय? वरून खाली काहीतरी पडणारच.

पडवीवाली (५ नोव्हेंबर, दुपारी २:४०)

तोच तर मोठा प्रश्न आहे, फॉल्स सीलिंगचं कोटेशनच ४० हजारांचं आलं. आत्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पूर्वी पाहुणे यायचे तेव्हा आम्ही काय करायचो? छत बांधायचो." कापडाचं छत! पलंगाच्या वर वाशांना चार बाजूंनी बांधलेलं. धूळ, पालीची लेंडी, कौलातला कचरा सगळं त्यावर पडतं आणि महिन्याला उतरवून धुवायचं. कोणी केलंय का हे आता?

सुपारी_कातर (५ नोव्हेंबर, दुपारी ३:०५)

आत्यांना दंडवत. हो, लग्नात मांडवाला बांधतात तेच छोट्या मापात. मांजरपाट दोन पन्हे जोडून, कडेला पितळी रिंगा ठोकून घे, वाशांना आकडे आणि काथ्याची दोरी, म्हणजे स्टुलावर चढून एका माणसाला सोडवता येतं. मधे थोडं सैल सोड, ताणून बांधलं तर भिजल्यावर फाटतं. दिवा मात्र छताच्या खाली आणि कापडापासून लांब. पंखा पलंगाच्या बरोबर वर असेल तर हे जमणार नाही, मग भिंतीवरचा पंखा घ्यावा लागेल.

खाली पांढरी मच्छरदाणी, चौकोनी, चार खुंट्यांना. तेवढं केलंस की त्या खोलीला दुसरं काही लागत नाही. मॅक्रमे तर नकोच, दमटपणात त्याला बुरशी येते आणि तो धुणार कसा, गाठी सोडून?

टिकली (५ नोव्हेंबर, दुपारी ३:२०)

मच्छरदाणीचा फोटो काय सुंदर येईल!! मला आत्ताच बुक करायचंय.

खवट_नारळ (५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००)

आमच्या लहानपणी मच्छरदाणी म्हणजे गरिबी होती, आता त्याचे रात्रीचे चार हजार घ्या.

पडवीवाली (१७ नोव्हेंबर, रात्री ११:१०)

मधे गावी जाऊन आले, उत्तरं द्यायला उशीर झाला. हिशोब टाकते, पुढे कोणाला उपयोग होईल.

वायरिंगची दुरुस्ती, आरसीसीबी, पलंगाशी प्लग, दिवे धरून ७,०००, आणि नशीब की अर्थिंग चांगलं निघालं नाहीतर इथेच गणित बिघडलं असतं. गाद्या दोन, चिपळूणहून प्रोटेक्टरसकट १८,०००. चादरी-अभ्रे-टॉवेल-उशा ११,०००, चादरी पांढऱ्या, टॉवेल गडद निळे. चुना, काव आणि दोन माणसांची मजुरी ८,०००. बाथरूमला आरसा, एक्झॉस्ट, स्टीलच्या दांड्या, अंगणातला पाय धुवायचा नळ ६,५००. खिडक्यांना वेल्क्रोची जाळी आणि दोन मच्छरदाण्या ४,५००. मांजरपाट, रिंगा आणि शिलाई ३,२००. बेरीज ५८,२००. म्हणजे ज्याला मी सजावट म्हणत होते त्याला उरले १,८००! त्यात दोन रोवळ्यांच्या शेड, संकासुराच्या दोन फोटोंच्या फ्रेम झाल्या, आणि वर दोनशे रुपये शिल्लक. सूर्या_काठ, तुझ्याकडून एक चित्र घ्यायचं मनात आहे, पहिल्या बुकिंगच्या पैशातून, व्यनि (वैयक्तिक निरोप) करते.

खुंट्या फुकट झाल्या. माळ्यावर जुन्या दाराचं सागवान पडलं होतं, गावातल्या सुताराने त्यातून चोवीस खुंट्या काढून दिल्या, मजुरी घेईना, शेवटी सुपारी दिली. लुगडी सापडली, दोन चांगली निघाली. एक आजेसासूबाईंचं होतं ते पडद्याला लावायला सासूबाईंनी स्वतःच काढून दिलं, फोटो माजघरात हलवायला मात्र दोन दिवस लागले राजी व्हायला. फोटोंच्या मागे भिंतीवर चौकोनी डाग होते तेही चुन्यात गेले.

एका बाबतीत मी ऐकलेलं नाही, पडवीत कंदील लावलेत, दोन, आत छोटा एलईडी. घरातलेच आहेत, वीज यायच्या आधीचे, त्यामुळे तारेवरची_कसरत यांनी चाकासारखं विचारायचं नाही.

अजून एकच अडलंय. पडवीची जमीन शेणाने सारवलेली आहे, आत्या म्हणतात तशीच ठेव, मी दर आठ दिवसांनी सारवते. पण पाहुणे चाकाच्या बॅगा ओढत आणतात, पापुद्रे निघतात. कोबा करू की ठेवू?

तारेवरची_कसरत (१७ नोव्हेंबर, रात्री ११:३०)

कंदील मंजूर. वायर कंदिलात शिरते तिथे रबरी बुश घाला, पत्र्याची कड वायर कापते.

लाल_माती (१८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०)

कोबा आत्ता करू नका, पैसेही संपलेत. अंगणातून दोन्ही खोल्यांच्या दारापर्यंत जाण्यायेण्याच्या वाटेवर जांभ्याचे चिरे किंवा जुन्या शहाबादी फरशा एका रांगेत बसवा, दोन फूट रुंद पुरे, बाकीची पडवी सारवलेली. बॅगा फरशीवरून जातात, मंडळी बसतात सारवलेल्यावर. आणि दर आठ दिवसांनी सारवायचे पैसे आत्यांना साफसफाईच्या वेगळे द्या, ते काम वेगळं आहे.

ठाणे_स्लो (१८ नोव्हेंबर, सकाळी ९:१५)

शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, पॉलिश न केलेली, खरबरीत बाजू वर ठेवून बसवा. बाकी झक्कास. २६ जानेवारीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या मोकळ्या आहेत का? आम्ही आठ मोठे आणि पाच पोरं, पडवीत झोपायला चालेल. खुंट्या चोवीस म्हणालात ना, पुरतील बहुतेक.

पडवीवाली (१८ नोव्हेंबर, सकाळी ९:४०)

तेरा जण!! खोलीमागे चार म्हणून अर्जात लिहिलंय हो दादा. आठ जण या, बाकीच्या पाचांसाठी आत्यांच्या दिरांकडे दोन खोल्या आहेत, विचारून संध्याकाळपर्यंत व्यनि करते.